वारकरी आज्जा, आपला बाप्तिस्मा आणि नरकाचा प्रश्न

पोरा, वयानं मी तुझ्या आज्जाच्या बरोबरीचा असेन म्हणून सरळ अरेतुरे करतोय, चालवून घे.

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनापण संदर्भ लागेल. तुझा आज्जा माळकरी, आयुष्यभर आषाढीची वारी केली, गेल्या महिन्यात गेला. घरात ख्रिस्ती तू एकटाच. रक्षाविसर्जनाला तू पंचगंगेवर सगळ्यांबरोबर उभा होतास, आणि पुढच्याच रविवारी कुठल्याशा सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं माइकवरून सांगितलं की ह्या भावाचा आज्जा आत्ता ह्या क्षणाला नरकात जळतोय, आज्जीचं तरी बघा. आता तू विचारतोस की ख्रिस्ती धर्म खरंच हेच शिकवतो का, ज्याला ख्रिस्त कधी धड कळलाच नाही त्याचं काय होतं, आणि आज्जीला देवळात न्यायचं का, वर्षश्राद्धाला बसायचं का.

मी बरीच वर्षं कोल्हापूर भागात पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून काम केलंय, आता रिटायर्ड आहे, मधे पाळक होणाऱ्या पोरांना शिकवलंयपण. हा प्रश्न मला वर्गात फार कमी विचारला गेला, बहुतेक वेळा दफनभूमीच्या गेटवर नाहीतर सीपीआर दवाखान्याच्या व्हरांड्यात. त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

पहिलं सरळ सांगतो. नरक आहे, माणूस देवाला कायमचा मुकू शकतो, ही जवळजवळ सगळ्या मुख्य चर्चेसची शिकवण आहे, ती मी गुळगुळीत करून सांगणार नाही. पण अमुक गावचा अमुक माणूस तिथं पोचलाय असं जाहीर करायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. रोमन कॅथलिक चर्चकडं बघ, त्यांनी चौकशी करून, साक्षी काढून हजारो माणसं संत म्हणून जाहीर केलीत, पण अमका नरकात आहे असं अधिकृतपणे एकाचंही जाहीर केलेलं नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतचंसुद्धा नाही. आपल्या प्रोटेस्टंट लोकांत तर असलं काही जाहीर करायची सोयच नाही. तेव्हा त्या भावानं माइकवरून जे केलं ते म्हणजे कोर्टातल्या शिपायानं जजच्या खुर्चीत बसून निकाल वाचून टाकल्यासारखं झालं.

आता तो अगदी हवेत बोलला असंही नाही, त्याची बाजूपण ऐक. योहान 3:18 मध्ये लिहिलंय की जो विश्वास ठेवत नाही त्याचा न्याय होऊनच चुकलाय. प्रेषितांची कृत्ये 4:12 म्हणतं की दुसऱ्या कुणाच्या नावानं तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही. रोमकरांस पत्रात दहाव्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? ह्या वचनांवरून अनेक चर्चेसनी असा निष्कर्ष काढला की ह्या आयुष्यात येशूवर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, संपला विषय. आपल्या कोल्हापूरकडची बरीच मंडळी मूळची प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ), आणि त्या परंपरेचं जे जुनं विश्वासपत्र आहे, 1640 च्या दशकात लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये तयार झालेलं, त्यात दहाव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की जे ख्रिस्ती धर्म स्वीकारत नाहीत ते निसर्गाच्या प्रकाशानं कितीही काटेकोर जगले तरी त्यांचं तारण होऊ शकत नाही. जगभरच्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रचारावर भर देणाऱ्या, प्रोटेस्टंटांच्या 1974 च्या लोझान करारातपण ख्रिस्ताला नाकारणारे देवापासून कायमचा वियोग ओढवून घेतात असं म्हटलंय. पण इथं एक बघ, नाकारणारे म्हटलंय, आणि तुझ्या आज्जाला नाकारायला कुणी कधी नीट काही दिलं होतं का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आता बायबल. पोरांना मी सांगायचो, नरकावर संदेश द्यायचा असेल तर आधी एक वही घ्या आणि येशूनं हा विषय कधी, कुणासमोर काढला ते एका बाजूला लिहीत चला. जुन्या करारात तुला असा नरक सापडणारच नाही. तिथं आहे तो अधोलोक, मेलेल्यांची जागा, चांगले वाईट सगळे तिथंच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो की मी शोक करत माझ्या मुलाकडं अधोलोकात उतरून जाईन. काही उठतील सार्वकालिक जीवनाला आणि काही अप्रतिष्ठेला, असं दोन वाटांचं बोलणं स्पष्ट येतं ते दानिएलाच्या बाराव्या अध्यायात, म्हणजे बरंच उशिरा.

नव्या करारात ज्याला आपण नरक म्हणतो ते गेहेन्ना, यरुशलेमच्या दक्षिणेला लागून असलेली हिन्नोमची दरी. आहाज आणि मनश्शे ह्या राजांच्या काळात तिथं पोरांचे बळी देत होते, आगीत, आणि पुढं योशीया राजानं ती जागा भ्रष्ट करून टाकली. यिर्मयानं तिला कत्तलीची दरी म्हटलंय. (तिथं शहराचा कचरा कायम जळत असायचा असं निम्म्या संदेशांत सांगतात, पण त्याचा उल्लेख पहिल्यांदा सापडतो तो साधारण 1200 सालच्या एका यहुदी रब्बीच्या लिखाणात, येशूनंतर हजारावर वर्षांनी. सांगायला मस्त वाटतं, म्हणून चालू आहे.)

तर हा गेहेन्ना नव्या करारात एकूण 12 वेळा येतो. 11 वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात, तेपण जिभेबद्दल. त्या 11 वेळा समोर कोण बसलंय? डोंगरावर त्याचे शिष्य आणि जमलेले यहुदी लोक. मत्तय 10 मध्ये बारा प्रेषित. लूक 12 मध्ये तर माझ्या मित्रांनो म्हणून सुरुवात करून सांगतो. आणि मत्तय 23 मध्ये शास्त्री नि परूशी, म्हणजे त्या काळचे पाळक, वडील, पंच कमिटी, आम्ही लोक. एकदासुद्धा समोर परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेला, माणूस उभा करून तू नरकात जाणार असं तो म्हणत नाही. उलट कफर्णहूमला रोमी शताधिपती भेटतो, मूर्तिपूजक सैन्यातला माणूस, तेव्हा येशू म्हणतो की पूर्वेकडून पश्चिमेकडून पुष्कळ जण येतील आणि अब्राहामाबरोबर पंगतीला बसतील, आणि राज्याचे पुत्र, म्हणजे घरचे, बाहेरच्या अंधारात टाकले जातील. मत्तय आठवा अध्याय, काढून वाच.

पौलाच्या एकाही पत्रात गेहेन्ना हा शब्द नाही. न्यायाबद्दल, देवाच्या क्रोधाबद्दल तो बोलतो, कडक बोलतो, पण हा शब्द नाही. प्रेषितांच्या कृत्यांत परराष्ट्रीयांसमोर झालेली भाषणं बघ, लुस्त्र असो, अथेन्स असो, कर्नेल्याचं घर असो. अथेन्समध्ये सगळं शहर मूर्तींनी भरलेलं बघून पौलाचा जीव कासावीस होतो, तरी उभा राहून बोलतो काय, की अज्ञानाच्या काळाकडं देवानं डोळेझाक केली, आता पश्चात्ताप करा, न्यायाचा दिवस ठरलाय. तुमचे बापजादे जळतायत असं तो म्हणत नाही. म्हणायला त्याला कोण अडवत होतं? समोर बसलेल्या प्रत्येकाचे आजे पणजे मूर्तिपूजक म्हणूनच मेलेले होते.

श्रीमंत माणूस आणि लाजर ही गोष्ट (लूक 16) तर नरकाच्या संदेशात हमखास असते, पण ती नीट वाचत कोण नाही. तो श्रीमंत माणूस अविश्वासी होता असं कुठं लिहिलंय? तो अब्राहामाला हे बापा म्हणून हाक मारतोय, म्हणजे मंडळीतलाच. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला भिकारी पडलेला होता, कुत्री येऊन त्याचे फोड चाटत होती, आणि हा रोज जांभळी तलम वस्त्रं घालून मेजवान्या करत होता, एवढंच गोष्टीत आहे. वरून तिकडं गेल्यावरसुद्धा त्याची मिजास बघ की, लाजराला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करायला. अजून तो लाजराला नोकरच समजतोय. ही गोष्ट शनिवारी रात्री वाचली आणि रविवारी माइकवर जाऊन दुसऱ्याच्या आज्जाला तिथं बसवलं असं ज्याला जमतं त्याला काय म्हणायचं.

बरं, डोक्यातली चित्रं कुठून आली तेपण बघू. तेलाच्या कढया, शिंगवाला सैतान, हातात त्रिशूळ, एकेकाला टोचतोय. ह्यातलं निम्मं मध्ययुगातल्या युरोपच्या चित्रांतनं आलंय आणि निम्मं आपल्याकडच्या पुराणांतल्या यमदूतांच्या वर्णनातनं, आपल्या लोकांनी दोन्हीची खिचडी करून टाकलीय. बायबलात सैतान नरकाचा जेलर कुठंही नाही. प्रकटीकरण 20 मध्ये तो स्वतःच अग्निसरोवरात टाकला जातो, कैदी म्हणून. फरक मात्र खरा एक आहे आणि तो लपवू नये. पुराणातला नरक पाप फिटेपर्यंत, पुढं परत जन्म. आपल्याकडं इब्रीकरांस पत्र 9:27 प्रमाणे माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय, दुसरी फेरी नाही. म्हणून आपल्याकडं हा विषय इतका जड होतो.

त्या न्यायानंतर काय, ह्यावर ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून एकमत नाही. बहुसंख्य परंपरा, ऑगस्टीनपासून धरली तर कॅथलिक, लूथर, कॅल्विन सगळे, कायमची जाणीवपूर्वक शिक्षा मानतात, आधार मत्तय 25:46, तिथं एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन दोन्ही आहे, एकाचा अर्थ कमी करायचा तर दुसऱ्याचापण कमी होतो, हा मुद्दा तगडा आहे. दुसरे म्हणतात की शेवटी नाश होतो, दिवा विझल्यावर विझला, कारण मत्तय 10:28 मध्ये आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश म्हटलंय आणि प्रकटीकरणात त्याला दुसरं मरण म्हटलंय. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोक हे मानतात, आणि जॉन स्टॉट, ज्यांच्या शब्दाला इव्हँजेलिकल लोकांत केवढा मान, त्यांनीपण 1988 साली आपला कल इकडं आहे असं सांगितलं, तेव्हा लई गदारोळ झाला. तिसरे म्हणतात शेवटी सगळेच परत येतील, शिक्षा आहे पण ती शुद्ध करणारी. तिसऱ्या शतकातला ओरिगन हे म्हणायचा, आणि त्याच्या नावावरच्या शिकवणीचा पुढं 553 च्या सुमारास निषेध झाला. गंमत अशी की चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, जवळपास तेच म्हणायचा आणि तो आजपण सगळ्या जुन्या चर्चेसमध्ये संत आहे. बोलल्याबद्दल नोकऱ्यापण गेल्यात बरं का, लंडनच्या किंग्ज कॉलेजनं 1853 मध्ये फ्रेडरिक मॉरिस ह्या प्राध्यापकाला कायमच्या शिक्षेवर शंका घेतली म्हणून काढलं.

(कॅथलिक लोकांचं शुद्धिस्थान ही ह्यापेक्षा वेगळी गोष्ट. तिथं जाणारे तारण झालेलेच असतात, फक्त शुद्ध व्हायचे राहिलेले. तो मधला नरक वगैरे नाही, हे लोक फार घोळ करतात.)

माझं मत विचारशील तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे माझी गाडी अडकलेली आहे. तिसरं मला शिकवता येत नाही, पण तशी प्रार्थना करता येते. 1 तीमथ्य 2:4 म्हणतं की सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. देवाचीच इच्छा असेल तर माझी असायला काय हरकत?

आता तुझा मूळ प्रश्न, ज्याला कळलंच नाही त्याचं काय.

हा प्रश्न काय आपण काढलेला नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन म्हणून होता, पुढं हुतात्मा झाला, तो म्हणायचा की सॉक्रेटिससारखे जे सत्य वचनाप्रमाणे जगले ते ख्रिस्तीच, लोकांनी त्यांना नास्तिक म्हटलं तरी. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला की चर्चच्या बाहेर तारण नाही, आणि हे वाक्य पुढं फार गाजलं. पण त्याच्या डोळ्यासमोर होते चर्चमधून फुटून वेगळी चूल मांडणारे ख्रिस्ती. नंतर ते वाक्य सगळ्या जगाला लावलं गेलं, 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेनं तर मूर्तिपूजक, यहुदी, फुटीर सगळ्यांना नावानिशी त्यात घातलं. त्या वेळी युरोपातल्या लोकांना वाटायचं की शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सगळीकडं पोचलंय, जो बाहेर आहे तो मुद्दाम बाहेर आहे. पन्नास वर्षांत कोलंबस पलीकडं पोचला आणि कळलं की अख्खी खंडं आहेत जिथं येशूचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही, मग मात्र धर्मशास्त्र्यांना परत बसावं लागलं.

कॅथलिक चर्च तिथून हळूहळू सरकलं. 1940 च्या दशकात बॉस्टनमध्ये लेनर्ड फीनी नावाचे फादर हट्टानं सांगत होते की चर्चबाहेरचे सगळे नरकात, तर रोमनं त्यांनाच चूक ठरवलं, बोलावलं तर गेले नाहीत, आणि 1953 मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लिहून टाकलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान माहीत नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि कृपेच्या प्रेरणेनं सद्सद्विवेकाप्रमाणे वागायला बघतात, त्यांना तारण मिळू शकतं. मिळतंच असं नाही म्हटलेलं, मिळू शकतं म्हटलंय. तारण करणारा ख्रिस्तच, हे तिथंही कायम आहे.

आपल्या बाजूला गोष्ट जास्त ताणली गेली, आणि त्यात आपला जिल्हा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आपल्याकडं आहेच. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत शिकताना 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं कॉलेजच्या पोरांचं मोठं शिबिर झालं, तिथं हा रॉबर्ट पोरांना पकडून पकडून मिशनबद्दल बोलत होता, आणि शिबिर संपेपर्यंत 100 पोरं परदेशी मिशनला जायला तयार झाली. त्या चळवळीत किती जणांच्या मनात हेच होतं, की आपण गेलो नाही तर रोज हजारो माणसं नरकात चाललीत.

आणि त्याच 1886 मध्ये आपल्या नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. जन्म मुंबईचा, काम नगर जिल्ह्यातल्या गावांत. ते तिकडं अँडोव्हरच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) बोलताना म्हणून गेले की ज्यांना ह्या जन्मी ख्रिस्ताबद्दल ऐकायला मिळालं नाही त्यांना मेल्यानंतर देव संधी देईल, ह्या विचाराबद्दल आपल्याला सहानुभूती आहे. झालं, त्यांना भारतात परत पाठवायचं का नाही ह्यावरून मिशन बोर्डात रण पेटलं, पेपरात आलं, सभा झाल्या. देणगीदार म्हणायला लागले, असं असेल तर मग मिशनरी पाठवायचेच कशाला? शेवटी 1887 मध्ये ते परत आले आणि नगरलाच पुढं कितीतरी वर्षं काम केलं. मेल्यानंतर संधी, हे मला बायबलात पक्कं दिसत नाही, 1 पेत्र 3:19 मध्ये ख्रिस्तानं तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली असं आहे, पण ते वचन इतकं अवघड आहे की लूथरनंसुद्धा हात टेकले. पण ह्यूमना हा प्रश्न का पडला असेल ते आपल्याकडं काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गावात बाप्तिस्मा झाला की पहिल्याच आठवड्यात म्हातारी विचारते, माझा धनी कुठं असंल मग?

ह्यूम परत आल्यावर काही वर्षांनी, 1895 मध्ये, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढं नगरला ते ह्यूमांच्याच बरोबर काम करत होते. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. तुझ्या आज्जाची आठवण काढताना हे ध्यानात असू दे. आता पूल म्हणजे पलीकडचा काठ नव्हे, हे प्रचारक लगेच म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण जो पुलावर होता तो कुठवर पोचला होता हे पुलाच्या मालकाला माहीत, आपण लांबून सांगू शकत नाही.

मी ह्यात काय धरून आहे ते सांगतो. तारण ख्रिस्तामुळंच, योहान 14:6 मधला (माझ्याशिवाय पित्याकडं कुणी येत नाही) एक शब्दपण मी मागं घेत नाही. पण तो कुणाकुणाला आणि कसा तारतो हे त्याच्या हातात. अब्राहामानं येशूचं नाव ऐकलं नव्हतं. रोमकरांस 2 मध्ये पौल म्हणतो की नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयात नियम लिहिलेला दिसतो, आणि त्यांचे विचार त्यांना दोषी ठरवतील किंवा त्यांची बाजूपण मांडतील. लूक 12 मध्ये येशूच सांगतो की ज्याला धन्याची इच्छा माहीत नव्हती त्याला फटके थोडे. म्हणजे देव सगळ्यांना एकाच मापानं मोजत नाही. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांबद्दलपण असंच झालं, ऑगस्टीनच्या काळात त्यांनापण शिक्षा (सौम्य का होईना) मानत होते, मग अमेरिकन प्रेसबिटेरियन लोकांनी 1903 मध्ये आपल्या विश्वासपत्राला खुलासा जोडला की बाळपणी मेलेली सगळी तारलेलीच, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आयोगानंपण त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं लिहिलं. लेकरू पुरताना आईसमोर मी कधीच दुसरं काही बोललेलो नाही.

मग नरक सोडूनच का देत नाही, असं तरुण संघातली पोरं मला विचारतात. एका आईमुळं नाही सोडत. तिची पोरगी सासरी जाळून मेली, केस सुटली, आणि ती मला म्हणाली, पाळकसाहेब, तुमच्या देवाकडंपण ही माणसं सुटणार असतील तर मला तुमचा देव नको. तिला मी नरक नसतो म्हणून सांगू? देव कधीतरी ह्या गोष्टीला ठामपणे नाही म्हणणार आहे, ते तिला हवं होतं आणि ते बायबलात आहे. सातव्या शतकातले निनवेचे इसहाक म्हणून साधू होते, ते म्हणतात की नरकातल्या माणसाला देवाचं प्रेमच चाबकासारखं लागतं, ज्याच्याशी आपण वाईट वागलो त्याचंच प्रेम. मला हे आगीपेक्षा भयंकर वाटतं.

आणि एक चित्र तुला मोबाइलवर शोधून बघायला सांगतो. इस्तंबूलला खोरा नावाचं जुनं चर्च आहे, आता तिथं मशीद आहे, तिथं भिंतीवर चौदाव्या शतकातलं चित्र आहे. आपण विश्वासांगीकारात (आपला विश्वास एकत्र म्हणून दाखवतो त्यात) दर रविवारी तो अधोलोकात उतरला असं म्हणून पुढं जातो ना, तेच चित्र. येशू पांढऱ्या वस्त्रात, पाय फाकवून उभा, एका हातानं आदामाला आणि दुसऱ्या हातानं हव्वेला थडग्यातून बाहेर ओढतोय. ओढतोय कसा बघ, हातात हात नाही दिलेला, मनगट धरलंय, म्हणजे जोर सगळा त्याचा. पायाखाली अधोलोकाची मोडलेली दारं पडलीत, आणि सगळीकडं कुलपं, किल्ल्या, खिळे विखुरलेत. ज्यांना तो ओढतोय त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवलाय का, हे विचारायला तिथं कुणी उभं केलेलं दिसत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चेसचं पुनरुत्थानाचं चित्र हेच.

राहिलं आज्जीचं. तिला आज्जा नरकात आहे असलं काहीही सांगायचं नाही. तिनं स्वतःहून विचारलं, तुझ्या येशूकडं म्हाताऱ्याचं काय, तर सांग की ज्याला मी ओळखतो तो न्यायीपण आहे आणि दयाळूपण, आज्जा त्याच्या हातात आहे, आणि तिथं मला भीती वाटत नाही. हे खरं आहे आणि एवढंच आपल्याला माहीत आहे. ख्रिस्ताबद्दल तिच्याशी जरूर बोल, घाबरवून मात्र नको, नवऱ्याच्या नावानं ब्लॅकमेल करून तर अजिबात नको.

देवळात न्यायचं का. 2 राजे पाचवा अध्याय काढ. नामान सेनापती बरा झाल्यावर अलीशाला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जाताना माझ्या हाताचा आधार घेतो, तेव्हा मलापण वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला लेक्चर देत नाही, शांतीनं जा म्हणतो. आज्जीच्या गुडघ्यांना अंबाबाईच्या देवळाची गर्दी झेपत नसेल तर हात धरून ने, पायरी उतरताना पुढं हो, बाहेर चपला सांभाळत थांबलास तरी चालेल.

वर्षश्राद्धाला जा. पिंडाचं काम तुझे वडील किंवा चुलते करतील, तुला पुढं बसायची वेळ येणार नाही, आणि आलीच तर आधी चार दिवस चुलत्याशी एकट्यात बोलून घे, ऐन वेळी भर पंगतीत नको. मंडप, पाणी, वाढप, ही कामं अंगावर घे. जेवायचं का? 1 करिंथ 10 मध्ये पौल म्हणतो की पुढं वाढलेलं काहीही चौकशी न करता खा, तुझं मन खात नसेल तर खाऊ नको, पण मग ताटावर बसून उठू नको, आधीच वाढपाला लाग. मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्या परंपरेत करत नाहीत, कॅथलिक करतात, पण आज्जाबद्दल देवाचे आभार मानायला तुला कुणी अडवलेलं नाही, घरी बसून मान.

आणि त्या प्रचारकाशी भांडायला जाऊ नको. तुझ्या पाळकांकडं जा, त्यांना सांग की असं असं झालं, पुढच्या वेळी माइक द्यायच्या आधी पाहुण्याशी बोलून घ्या. तो भाऊ स्वतःच भेटला तर चहा पाज आणि त्याला एकच विचार, पेत्रानं योहानाकडं बोट दाखवून विचारलं की ह्याचं काय, तेव्हा येशू काय म्हणाला? योहान 21:22, तुला त्याचं काय, तू माझ्यामागं ये. त्याला पाठ असणार.